शस्त्रसंधीचे सहा तास

कागदावर सही झाली की लढाई थांबते, अशी आपणां सर्वांची सर्वसाधारण समजूत असते. शाळेतल्या इतिहासाने ती अधिकच दृढ केलेली आहे. एका रकान्यात युद्धाचा आरंभ, दुसऱ्या रकान्यात शेवट. आणि शेवटच्या तारखेपाशी तोफा शांत झाल्या, शिपाई घराकडे वळले, असे आपण धरून चालतो. पहिल्या महायुद्धाच्या शेवटची तारीखही आपण अशीच पाठ केलेली असते : ११ नोव्हेंबर १९१८. परंतु वाचकहो, त्या दिवशी युद्ध थांबविणाऱ्या कागदावर सह्या झाल्या त्या पहाटे पाचच्या सुमारास, आणि तोफा थांबल्या त्या सकाळी अकरा वाजता. मधले सहा तास युद्ध चालूच होते. ते कोणी चालू ठेवले, कशासाठी ठेवले, आणि त्या सकाळी सही करणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, ही हकीकत आपल्यापुढे मांडावयाची आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. 'तह' हा शब्द मराठी वाचकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह ही नावे आपल्या तोंडी बसलेली आहेत. शस्त्रसंधी ही मात्र निराळी गोष्ट. तह म्हणजे भांडणाचा निकाल. शस्त्रसंधी म्हणजे निकाल लागेपर्यंत हत्यारे खाली ठेवण्याचा करार. ११ नोव्हेंबरला झाला तो शस्त्रसंधी, आणि तोही अवघ्या ३६ दिवसांचा. पुढे त्याची मुदत वरचेवर वाढवावी लागली. प्रत्यक्ष तह व्हावयास २८ जून १९१९ हा दिवस उजाडला. व्हर्साय येथील त्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री मॉन्टेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह ह्यांच्या सह्या आहेत.

जुन्या काळी सही आणि प्रत्यक्ष शांतता ह्यांत अंतर पडे, ते रस्त्यांच्या लांबीमुळे. सालबाईचा तह मे १७८२ मध्ये ठरला, पण त्यास नाना फडणिसांची अखेरची मान्यता मिळावयास कित्येक महिने गेले. १९१८ मध्ये ती सबब उरली नव्हती. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून निघालेला बिनतारी संदेश काही क्षणांत उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत ऐकू जात असे. तेव्हा ह्या सहा तासांचा दोष जासुदांच्या माथी मारता येत नाही.

सेनापतींची मागणी, मुलकी माणसाची सही

ह्या कथेचा आरंभ सहा आठवडे आधी होतो. मार्च १९१८ मध्ये जर्मन सैन्याने पश्चिम आघाडीवर अखेरची मोठी चढाई केली. तीत प्रदेश मिळाला, पण विजय मिळाला नाही. ऑगस्टपासून दोस्त सैन्ये पुढे सरकू लागली. अमेरिकेतून ताज्या दमाच्या पलटणी फ्रान्सच्या बंदरांत उतरत होत्या, तर जर्मनीजवळ भरतीला नवे तरुण उरले नव्हते. २९ सप्टेंबर रोजी बल्गेरियाने शस्त्रे खाली ठेवली. त्याच दिवशी बेल्जियममधील स्पा ह्या गावी, जर्मन सैन्याच्या मुख्य ठाण्यावर, सेनापती लुडेनडॉर्फ ह्याने आपल्या बादशहास आणि मंत्र्यांस सांगितले की, आता विलंब न करता शस्त्रसंधी मागितला पाहिजे.

वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. युद्ध थांबवा, असे प्रथम म्हणाला तो सेनापती होता. लोकसभेतील पुढारी नव्हता, समाजवादी नव्हता, पत्रकार नव्हता. चार वर्षे देशाला विजयाची वार्ता ऐकविणारे हे सैनिकी मंडळ एका दिवसात हात वर करून मोकळे झाले. आणि तेवढ्यावर न थांबता, शांततेची बोलणी नव्या लोकप्रतिनिधींच्या सरकाराने करावी, अशी व्यवस्था त्याने केली. ऑक्टोबरच्या आरंभी प्रिन्स माक्स ह्याचे मंत्रिमंडळ आले आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन ह्यांच्याकडे विनंतीचा खलिता गेला. पत्रांची देवघेव महिनाभर चालली. त्या महिन्यात लुडेनडॉर्फला पुन्हा लढण्याचा हुरूप आला, त्याला पदावरून जावे लागले, आणि त्याच्या जागी ग्रोनर हा सेनापती आला. खंदकांतल्या शिपायाच्या दृष्टीने ह्या सर्व घडामोडींचा अर्थ एवढाच की आणखी महिनाभर मरावयाचे.

शेवटी शत्रूकडे शिष्टमंडळ पाठवावयाचे ठरले, तेव्हा त्याचे नेतृत्व मातियास एर्झबर्गर ह्या मुलकी मंत्र्याकडे आले. शस्त्रसंधीची बोलणी सैनिकांनी सैनिकांशी करावयाची, हा युरोपातला रिवाज. येथे तो मोडला गेला. एर्झबर्गर हा कॅथलिक पक्षाचा पुढारी. युद्धाच्या आरंभी तोही शेजाऱ्यांचे मुलूख जिंकण्याच्या गोष्टी बोलणाऱ्यांपैकीच होता, हे सांगावयास हवे. परंतु १९१७ च्या जुलैत त्यानेच लोकसभेत तडजोडीच्या शांततेचा ठराव पुढे आणला होता, आणि सेनाधिकारी ते विसरले नव्हते. ऑक्टोबर १९१८ मध्ये, म्हणजे ह्या कामगिरीवर निघण्यापूर्वी थोडेच दिवस, सैनिकी शिक्षण घेत असलेला त्याचा तरुण मुलगा आजारात दगावला होता.

अरण्यातला आगगाडीचा डबा

७ नोव्हेंबरच्या रात्री पांढरी निशाणे लावलेल्या मोटारींतून हे मंडळ ला कापेल गावाजवळ फ्रेंच ठाण्यांपाशी आले. फ्रेंचांनी त्यांना उद्ध्वस्त प्रदेशातून फिरवीत नेऊन आगगाडीत बसविले. पहाटे गाडी थांबली ती एका अरण्यात. पॅरिसच्या ईशान्येस काँपिएन नावाचे अरण्य आहे. त्यात लांब पल्ल्याच्या तोफा नेण्यासाठी घातलेले दोन फाटे होते. एका फाट्यावर जर्मनांची गाडी, दुसऱ्यावर दोस्त सैन्यांचे सरसेनापती मार्शल फॉश ह्यांची. फॉशच्या गाडीतील एक डबा मुळात भोजनाचा डबा होता. त्याचा क्रमांक २४१९. त्यातली मेजे हलवून तेथे कचेरी थाटलेली होती. ह्या डब्याचा क्रमांक मुद्दाम दिला आहे, कारण तो आपणांस पुन्हा भेटणार आहे.

८ तारखेच्या सकाळी दोन्ही पक्ष समोरासमोर आले. फॉशबरोबर त्याचा सहायक वेगाँ आणि ब्रिटिश आरमाराचे वेमिस होते. आपण कशासाठी आलात, असे फॉशने विचारले. दोस्त राष्ट्रांचे प्रस्ताव ऐकावयास, असे जर्मनांनी सांगितले. माझ्याजवळ प्रस्ताव नाहीत, असे फॉशने उत्तर दिले. शस्त्रसंधी आपण मागत आहात, असे स्पष्ट शब्दांत वदवून घेतल्यावरच त्याने अटींचा कागद वाचावयास लावला.

अटी एकूण ३४. त्यांतील ठळक तेवढ्याच सांगतो. बेल्जियम, फ्रान्स आणि आल्सास-लोरेन पंधरा दिवसांत खाली करावयाचे, ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावरचा मुलूखही सोडावयाचा, ५,००० तोफा, हजारो मशीनगन आणि विमाने स्वाधीन करावयाची, पाणबुड्या द्यावयाच्या, आणि त्यांबरोबर ५,००० एंजिने व दीड लाख डबे. ही शेवटची अट ऐकताना एर्झबर्गरच्या डोळ्यांपुढे तोफा नव्हत्या, बटाटे होते. कारण शेतातले धान्य शहरात न्यावयाचे ते ह्याच डब्यांतून. सव्विसाव्या कलमात तर दोस्तांची सागरी नाकेबंदी चालूच राहील असे म्हटलेले होते.

मुदत ७२ तासांची. म्हणजे ११ तारखेच्या सकाळी अकरापर्यंत. 'अकराव्या महिन्याचा अकरावा दिवस आणि अकरावा तास' हा जो योग पुढे कवींना आणि वक्त्यांना भावला, त्याचे मूळ एवढेच.

जर्मनांनी एक विनंती केली. बोलणी चालू आहेत तोवर तरी गोळीबार थांबवा; माणसे विनाकारण मरत आहेत. फॉशने नकार दिला. अटी मान्य झाल्याशिवाय एक तोफही थांबणार नाही. त्याच्या बाजूने बोलावयाचे तर, उसंत मिळाली की शत्रू नवी फळी उभारतो, हा त्याचा चार वर्षांचा अनुभव होता. दडपण सैल केले तर सही लांबेल, ही भीतीही निराधार नव्हती. परंतु त्या नकाराची किंमत फॉशला द्यावयाची नव्हती.

अटींचा कागद घेऊन एक तरुण कप्तान स्पाकडे निघाला आणि गोळीबारामुळे वाटेत बराच वेळ अडकून पडला. तिकडे जर्मनीच पालटत होती. ९ नोव्हेंबरला कैसरच्या पदत्यागाची घोषणा झाली, बर्लिनमध्ये प्रजासत्ताक पुकारले गेले, आणि एबर्ट नावाचा खोगीर बनविणारा जुना कामगार सरकारचा प्रमुख झाला. आपण नेमके कोणाचे प्रतिनिधी आहोत, हे डब्यात बसलेल्या एर्झबर्गरलाही क्षणभर सांगता आले नसते. १० तारखेस उत्तर आले. हिंडेनबर्गचा सल्ला होता की अटी सौम्य करून पाहा, आणि ते न साधल्यास तरीही सही करा.

रात्री दोनच्या पुढे पुन्हा बैठक भरली. एर्झबर्गर प्रत्येक कलमावर झगडला. मशीनगनांचा आकडा ३०,००० वरून २५,००० वर आला, विमाने २,००० ची १,७०० झाली. लष्करी मोटारींचा आकडा निम्म्याने उतरला. नाकेबंदीच्या कलमाला मात्र धक्का लागला नाही. जर्मनीला अन्न पुरविण्याचा विचार केला जाईल, एवढे मोघम वाक्य जोडले गेले. पहाटे पाच वाजून काही मिनिटांनी सह्या झाल्या. वेळ पाचची धरावी आणि सहा तासांनी, म्हणजे अकराला, युद्ध थांबावे असे ठरले. एर्झबर्गरने एक छोटे निवेदन वाचून दाखविले. ह्या अटींमुळे जर्मन जनतेवर उपासमार ओढवेल, असे त्याने बजावले. हस्तांदोलन कोणीही केले नाही.

पाच ते अकरा

पावणेसहाच्या सुमारास फॉशचा संदेश सर्व सेनापतींस गेला. अकरा वाजता संपूर्ण आघाडीवर युद्ध थांबेल. तोवर पोहोचलेल्या रेषेच्या पुढे हुकमाशिवाय कोणी जाऊ नये, एवढाच त्याचा आशय. अकरापर्यंत काय करावयाचे, ह्याविषयी त्यात एक अक्षर नव्हते. चढाई थांबवा असेही नाही, चालू ठेवा असेही नाही. संदेश सैन्यांच्या ठाण्यांवर मिनिटांत पोहोचला. तेथून डिव्हिजन, रेजिमेंट, पलटण आणि कंपनी अशा पायऱ्या उतरत, तुटलेल्या तारा आणि चिखलाचे रस्ते ओलांडीत खंदकापर्यंत यावयास त्याला काही तास लागले. तेवढा वेळ लागणारच होता, हे मान्य केले पाहिजे. सहा तासांची मुदत ठेवण्यामागे तेही एक कारण होते. परंतु ज्यांना सकाळी सहाला ठाऊक होते, त्यांनी काय केले?

काहींनी शहाणपणा दाखविला. आपल्या माणसांना जागच्या जागी बसवून ठेवले, गोळागोळी बेताची ठेवली, आणि घड्याळाकडे पाहत राहिले. काहींनी तसे केले नाही. अमेरिकेच्या ८९ व्या डिव्हिजनचा सेनापती राईट ह्याने त्या सकाळी स्तेने हे गाव हल्ला करून घेतले. गावात स्नानाची सोय आहे आणि आपल्या शिपायांना कित्येक दिवसांत अंघोळ मिळालेली नाही, हे त्याने दिलेले एक कारण होते. अकरानंतर त्याच गावात सैनिकांना चालत जाता आले असते. त्या अंघोळीसाठी तीनशेहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली.

पलीकडे, म्यूज नदीकाठी व्रीन-म्यूज येथे, ऑग्युस्तँ त्रेब्युशाँ नावाचा फ्रेंच शिपाई निरोप घेऊन निघाला होता. वय चाळीस, लोझेर ह्या डोंगराळ जिल्ह्यातला मेंढपाळ. ऑगस्ट १९१४ पासून, म्हणजे अगदी पहिल्या आठवड्यापासून तो सैन्यात होता आणि पलटणीचा निरोप्या म्हणून काम करीत होता. अकराला अवघी काही मिनिटे उरली असता त्याला गोळी लागली. त्याच्याजवळचा निरोप असा होता की, साडेअकराला सूप मिळेल, जेवणासाठी जमावे.

बेल्जियममध्ये मॉन्स शहराजवळ दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी जॉर्ज प्राईस हा कॅनडाचा शिपाई पडला. आणि दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी हेन्री गुंथर. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातला हा तेवीस वर्षांचा तरुण जर्मन वंशाचा होता. घरी लिहिलेल्या एका पत्रात त्याने सैन्यातील हालअपेष्टांविषयी लिहिले. ते पत्र तपासणीत सापडले आणि त्याची सार्जंटची पट्टी गेली. ती नामुष्की त्याच्या मनाला लागली होती, असे त्याचे सोबती सांगत. समोर जर्मनांच्या मशीनगन होत्या. तो एकटाच पुढे धावत येतो असे पाहून, मागे फीर, युद्ध संपले, अशा खुणा जर्मन शिपायांनी केल्याचे सोबत्यांनी सांगितले. तो थांबला नाही. मरणोत्तर त्याची पट्टी त्याला परत देण्यात आली. अमेरिकेच्या दप्तरी ह्या युद्धात पडलेला त्यांचा अखेरचा सैनिक म्हणून त्याची नोंद आहे.

अधिकृत कागदांवरून जोसेफ पर्सिको ह्या अमेरिकन लेखकाने २००४ मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे त्या एका दिवसात सर्व पक्षांचे मिळून सुमारे ११,००० सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. त्यांपैकी सुमारे २,७०० मृत. ह्या युद्धाचा सरासरी दिवस ह्याहून भीषण होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे : चार वर्षांत ९० लाखांवर सैनिक मेले, म्हणजे रोज पाच हजारांहून अधिक. पण त्या इतर दिवशी उद्या काय होणार हे कोणाला ठाऊक नव्हते. ह्या दिवशी ते ठाऊक होते, आणि मिनिटासकट ठाऊक होते.

फ्रेंच सैन्याने त्या दिवशी मेलेल्यांच्या कागदांवर तारीख घातली १० नोव्हेंबर. विजयाच्या दिवशी मुलगा मेला, असे आईबापांना कळवावयाचे कसे, हा त्यामागचा संकोच असावा. त्रेब्युशाँच्या थडग्यावर अद्यापही १० हीच तारीख आहे. मॉन्सजवळच्या सँ सिंफोरियाँ येथील दफनभूमीत त्याहून निराळे दृश्य आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये पडलेला पहिला ब्रिटिश शिपाई जॉन पार आणि ११ नोव्हेंबरच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास पडलेला शेवटचा ब्रिटिश शिपाई जॉर्ज एलिसन ह्यांची थडगी समोरासमोर, काही पावलांच्या अंतरावर आहेत. पार पडला त्याच टापूत चार वर्षांनी एलिसन पडला, आणि कोणी फारशी योजना न करता दोघे शेजारी झाले.

युद्धानंतर अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीने, ही माणसे कशासाठी मेली, असे सेनाधिकाऱ्यांना विचारले. जनरल पर्शिंग ह्यांचे उत्तर असे की, आपण फॉशच्या आज्ञेप्रमाणे वागलो. त्यांचे खरे मत मात्र लपलेले नव्हते. शस्त्रसंधी देऊच नये, शत्रूला बिनशर्त शरण आणावे, असे त्यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस लेखी कळविले होते. ज्याचा वरिष्ठ असे मानतो तो हाताखालचा अधिकारी शेवटच्या तासांत थांबण्याची घाई करणार नाही, हे उघड आहे. चौकशीतून कोणासही शिक्षा झाली नाही. जाता जाता एक नोंद : त्या सकाळी पावणेअकरापर्यंत आपल्या तोफा चालू ठेवणाऱ्यांत हॅरी ट्रुमन नावाचा एक अमेरिकन कप्तान होता. सत्तावीस वर्षांनी दुसऱ्या महायुद्धाचा शेवट त्याच्या हुकमाने झाला.

इतर आघाड्यांवर

असे अंतर केवळ फ्रान्समध्येच पडले असे नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीने इटलीशी ३ नोव्हेंबरला करार केला; तो अंमलात यावयाचा होता दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला. ऑस्ट्रियन सेनापतींनी आपल्या शिपायांस ताबडतोब हत्यारे खाली ठेवावयास सांगितले. इटालियन मात्र ठरल्या वेळेपर्यंत पुढे सरकत राहिले, आणि लढाई संपली अशा समजुतीने बसलेले लाखो शिपाई त्यांच्या हाती कैदी म्हणून लागले.

तुर्कस्तानशी शस्त्रसंधी झाला तो ३० ऑक्टोबरला, मुद्रोस बंदरात उभ्या असलेल्या एका ब्रिटिश युद्धनौकेवर. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंमलात आला. त्या वेळी इराकात टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकणारी ब्रिटिश सेना मोसलच्या अलीकडे होती. ह्या सेनेत बहुसंख्य शिपाई हिंदी होते. युद्ध थांबल्यानंतरही ती सेना पुढे गेली आणि नोव्हेंबरात तिने मोसल ताब्यात घेतले. शस्त्रसंधीतील सातव्या कलमाने मोक्याची ठिकाणे घेण्याचा अधिकार मिळतो, असा ब्रिटिशांचा युक्तिवाद. हा विश्वासघात आहे, असे तुर्कांचे म्हणणे. मोसल कोणाचे, हा वाद पुढे राष्ट्रसंघापुढे कित्येक वर्षे चालला.

महाराष्ट्रातील अनेक घरांना फ्रान्सपेक्षा ह्या मुद्रोसच्या कागदाचीच अधिक प्रतीक्षा होती. १९१६ च्या एप्रिलात कूत येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर जी फौज तुर्कांस शरण गेली, ती पूना डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. वाळवंटातील कूच, रोग आणि रेल्वेमार्गावरील वेठ ह्यांतून जे जगले त्यांची सुटका ह्या शस्त्रसंधीमुळे झाली. दहा लाखांहून अधिक हिंदी लोक त्या युद्धात समुद्रापार गेले. सुमारे ७४,००० परत आले नाहीत. आणि जे परतले त्यांतील अनेकांच्या गावी, १९१८ च्या पावसाळ्याअखेर, इन्फ्लुएंझाने घरेच्या घरे रिकामी केलेली होती.

पूर्व आफ्रिकेत तर लेटो-फोरबेक ह्या जर्मन सेनापतीला युरोपातील शस्त्रसंधीची वार्ता दोन दिवसांनी कळली. त्याने हत्यारे ठेवली ती २५ नोव्हेंबरला.

परंतु सर्वांत लांबलेला शेवट स्वयंपाकघरांतला होता. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनीत बटाट्याचे पीक बुडाले आणि लोकांनी गुरांच्या वैरणीतले सलगम खाऊन दिवस काढले. तो हिवाळा आजही त्या कंदाच्या नावाने ओळखला जातो. तोफा थांबल्या तरी नाकेबंदी थांबली नाही. बंदरे बंद, एंजिने शत्रूच्या स्वाधीन, दुभती जनावरे कमी झालेली. मार्च १९१९ मध्ये अन्न आत येऊ देण्याचा करार झाला, आणि नाकेबंदी पूर्ण उठली ती १९१९ च्या जुलैत, तहावर सही झाल्यानंतर. म्हणजे शस्त्रसंधीनंतर आठ महिने. जर्मन गृहिणीला ११ नोव्हेंबर ही युद्धाची शेवटची तारीख वाटली नसेल, तर तिला दोष देता येणार नाही. ज्या लोकांनी कैसरला घालविले आणि प्रजासत्ताक आणले, त्यांच्याच राज्यात आपली मुले उपाशी राहिली, असे तिला वाटले असेल तर त्याचाही नीट विचार व्हावयास हवा होता. तो त्या काळी फार थोड्यांनी केला.

सहीची किंमत

एर्झबर्गर परतला तेव्हा हिंडेनबर्गने त्याचे आभार मानले असे सांगतात. वर्षभरातच सूर पालटला. नोव्हेंबर १९१९ मध्ये लोकसभेच्या चौकशी समितीपुढे हिंडेनबर्गने सांगितले की, आमच्या सेनेच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. २९ सप्टेंबरची मागणी, लुडेनडॉर्फची घाई, सही करा हा स्वतःचाच निरोप, सारे विस्मरणात गेले. ग्रोनरने मात्र पुढे आपल्या आठवणींत कबूल केले की, त्या बोलण्यांच्या जबाबदारीपासून सैन्य दूर राहिले ह्याचे आपणांस समाधानच वाटले होते. सैन्य परकी मुलखात उभे असतानाच युद्ध थांबले, त्यामुळे घरी बसलेल्या जर्मनाला पराभव डोळ्यांनी दिसला नव्हता. त्याला दिसली ती अरण्यातल्या एका डब्यात केलेली एका मुलकी माणसाची सही.

२६ ऑगस्ट १९२१ रोजी एर्झबर्गर ब्लॅक फॉरेस्टमधील ग्रीसबाख गावाजवळ फिरावयास गेला असता दोघा माजी अधिकाऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. मारेकरी परदेशी पळाले. १९३३ मध्ये नव्या राजवटीने त्यांना माफी दिली. त्यांना न्यायालयाची शिक्षा झाली ती दुसरे महायुद्ध संपल्यानंतर.

आणि तो डबा? फ्रेंचांनी तो काँपिएनच्या अरण्यातच एका खास इमारतीत जतन करून ठेवला होता. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला. तेव्हा हिटलरने त्या इमारतीची भिंत पाडावयास लावून २४१९ क्रमांकाचा डबा १९१८ मध्ये उभा होता नेमका तेथे रुळांवर आणविला. २१ जूनला तो स्वतः तेथे आला आणि फॉशच्या जागी बसला. १९१८ च्या त्या सकाळी तो पाझेवाल्क येथील इस्पितळात होता. विषारी वायूने त्याचे डोळे गेल्यासारखे झाले होते. २२ जूनला फ्रान्सच्या वतीने जनरल हुंत्सिझेर ह्यांनी सही केली. त्या करारातही, फ्रान्सने इटलीशी वेगळा करार केल्यानंतर सहा तासांनी युद्ध थांबावे, अशी अट होती. डबा बर्लिनला नेण्यात आला आणि १९४५ मध्ये, जर्मनीच्या पडत्या काळात, नष्ट झाला. आज त्या अरण्यात जो डबा प्रवाशांना दाखवितात, तो त्याच मालिकेतला दुसरा आहे. त्याचा मूळ क्रमांक २४३९. तो बदलून २४१९ केलेला आहे.

शस्त्रसंधी आणि तह ह्यांतील जे अंतर आरंभी सांगितले, त्याचा आणखी एक दाखला आपल्या देशाशी संबंधित आहे. कोरियातील युद्ध थांबविणाऱ्या करारावर पानमुनजोम येथे २७ जुलै १९५३ रोजी सकाळी दहाला सह्या झाल्या. तोफा थांबल्या रात्री दहाला. ह्या वेळी अंतर सहाचे नव्हते, बारा तासांचे होते, आणि त्या बारा तासांतही मारा चालू होता. मायदेशी परत जावयास तयार नसलेल्या युद्धकैद्यांची व्यवस्था ज्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आली, त्याचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या होते, आणि कैद्यांच्या छावण्यांवर पहारा भारतीय जवानांचा होता. दोन्ही कोरिया नाकारणारे आणि चीनही नाकारणारे असे ८८ कैदी १९५४ च्या आरंभी त्या जवानांबरोबर जहाजाने भारतात आले. त्यांपैकी बहुतेक पुढे दक्षिण अमेरिकेत गेले, काही येथेच राहिले. कोरियाचा तह अद्याप झालेला नाही.